चौथ्या ठोक्याची जागा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

वीस वर्षांनी डायरी उघडली. निमित्त मनवाचं. ही पुण्याची मुलगी, तिशीच्या आतली, विसरलेल्या बँडांची गाणी शोधून त्यांच्या काळ्या तबकड्या काढते. तिला कुठून तरी आमचा सुगावा लागला. आमचा म्हणजे २००२ ते २००५ मध्ये नगर जिल्ह्यात पत्र्याच्या शेडांत गिटारी बडवणाऱ्या चार बँडांचा. नगरचा आमचा 'दुसरी शिफ्ट', कोपरगावचा 'मळी', सोनईचा 'लोडशेडिंग' आणि मिरजगावचा 'स्टेपनी'. चौघांची मिळून एक तबकडी, दहा गाणी. नाव ठरलंय 'पत्र्याखाली'.

कॅसेटी गोळा करून, साफ करून तिला द्यायचं काम माझ्याकडे आलं. बरोबरच आहे. सावेडीत माझा श्रवणयंत्रांचा दवाखाना आहे. कान तपासायला एक बंद खोली आहे, आतून फोम लावलेली. दार लावलं की रस्त्यावरची रिक्षासुद्धा गप्प होते. गाणी ऐकायला अख्ख्या अहिल्यानगरात याहून चांगली जागा नाही. (पाटीवर अहिल्यानगर करून घेतलं. तोंडात अजून नगरच येतं.)

मनवा म्हणाली, आठवेल ते रोज लिहून ठेवा, पुस्तिकेला लागेल. ठेवतो. पण ही वही तिला दाखवायची नाही. हवं तेवढं उतरवून देईन.

पंचेचाळिसाव्या वर्षी माझं नाव एखाद्या तबकडीवर येणार. खोटं कशाला बोलू, दोन दिवस जमिनीवर पाय नाहीत.

५ नोव्हेंबर

दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा पहिली कॅसेट लावली, आमचीच. डेकचा बेल्ट नवा टाकलाय. आवाज अपेक्षेपेक्षा स्वच्छ निघाला. माझा गळा मात्र अपेक्षेएवढाच.

चारही बँडांत मिळून ड्रम एकच होते. लग्नाच्या बँडवाल्याने टाकून दिलेला ढोल, दोन लहान ड्रम आणि कोपरगावच्या रविराजने कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापून केलेली झांज. हा संसार कधी एसटीच्या टपावरून, कधी उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरमधून गावोगाव फिरायचा. आणि ड्रमवालाही एकच, राम. जिथे ड्रम जातील तिथे राम उगवायचा. एकोणीस-वीसचा, काटकुळा, बोलणं अगदी बेतास बात.

गाणं सुरू करायची त्याची एक तऱ्हा होती. सगळे ड्रमवाले चार मोजतात. हा काठीवर काठी आपटून तीनच ठोके द्यायचा. टक, टक, टक, मग चौथ्याची जागा रिकामी, आणि गाणं. सुरुवातीला आम्ही सगळे तिथे चुकायचो. मी एकदा वैतागून विचारलं, "चौथा खाल्लास का?" तर म्हणाला, "चौथा माजा न्हाई." आम्हाला वाटलं, पठ्ठ्या भाव खातोय.

धंद्याच्या सवयीने ती रिकामी जागा मोजली. सहा दशांश सेकंद.

८ नोव्हेंबर, शनिवार

कोपरगावची कॅसेट कुरिअरने आली. रविराज आता साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, सीझन नुकताच सुरू झालाय, फोनवर मागे भोंगा वाजत होता. 'मळी'ची तिन्ही गाणी छान टिकलीत. तिथेही रामचे तीन ठोके. रिकामी जागा एक पूर्णांक एक सेकंद. टेप ताणली गेली असेल.

मनवाचा फोन आला. प्रत्येक वादकाचं पूर्ण नाव आणि सही लागते, त्याशिवाय छपाईला जात नाही. वादक हयात नसेल तर घरच्यांची. ड्रम दहाही गाण्यांत रामचे आहेत, म्हणजे राम सापडला नाही तर तबकडीच नाही.

"आडनाव काय त्यांचं?" तिने विचारलं.

आता हे या पिढीला कसं सांगायचं! मी सांगितलं, आमच्या शेडच्या दाराशी मी स्वतः खडूने लिहिलं होतं, 'आडनाव चपलांपाशी काढावे'. आडनाव कळलं की जात कळते आणि जात कळली की बसायच्या जागा बदलतात. चार बँड, पंधरा-सोळा पोरं, कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही. पत्रकावरसुद्धा नुसती नावं. मनवा भारावली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घेते म्हणाली.

रविराजला रामबद्दल विचारलं. तो म्हणतो, "राम? तो सोनईवाल्यांचा ना?"

११ नोव्हेंबर

आज पुस्तिकेसाठी हवालदाराचा किस्सा लिहून काढला. हा माझा हुकमी किस्सा आहे. वीस वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतोय.

३ एप्रिल २००५ ला, रविवारी, चारही बँडांचा एकत्र कार्यक्रम आम्ही नगरला एमआयडीसीतल्या शेडमध्ये केला. दिवसाउजेडी आटोपला, सगळे आपापल्या गाडीने पांगले. नंतर पाच-सहा दिवसांनी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, एक हवालदार शेडमध्ये आला. हातात आमचं पत्रक, चार घड्या घातलेलं. दोनशेच छापली होती, याला कुठे मिळालं देव जाणे. त्यावर तांबडा मोठा डाग. पान खाऊन थुंकताना सांभाळलं नसणार.

"काय रे, हा ड्रम वाजवणारा कोण? पूर्ण नाव सांग."

मी म्हणालो, राम.

"राम काय? आडनाव? गाव?"

आणि मी सुटलो. आडनाव कशाला हवं तुम्हाला, माणूस कळायला आडनाव लागतं का, या शेडमध्ये आम्ही ते विचारत नाही आणि सांगतही नाही. चांगली दहा मिनिटं. तो मध्ये मध्ये "अहो, पण ऐका तर" करत होता, मी कसला ऐकतोय! गंमत म्हणजे आला तेव्हा 'काय रे' म्हणणारा माणूस बघता बघता 'अहो साहेब'वर आला. शेवटी काहीतरी खरडून, मान हलवून निघून गेला. माझ्या बोलण्यात तेव्हा दम होता एवढं खरं.

मनवाला पाठवला. हसून मेले म्हणाली.

१४ नोव्हेंबर

नवीन पेशंट, छबूबाई. पासष्टीच्या असतील, दिसतात ऐंशीच्या. करंजी घाटापलीकडच्या एका वस्तीवरून दोन एसट्या बदलून एकट्या आल्या. आमच्या ज्ञानेश्वरीताईंनी, म्हणजे काउंटर आणि माझा दवाखाना दोन्ही चालवणाऱ्या बाईंनी, त्यांचं कार्ड ओरडून ओरडून भरलं. मी कार्डावरचं नाव कधी वाचत नाही, नंबराने हाक मारतो. जुनी सवय.

ऊसतोडीत आयुष्य गेलंय. दोन्ही कान बरेच गेलेत. मी कागदावर मोठ्या अक्षरात काही लिहायला घेतलं तर म्हणाल्या, "वाचता येत न्हाई बाबा. तोंड हालव, मला वठावरनं कळतं."

विचारलं, काय ऐकायला त्रास होतो? टीव्ही, फोन, माणसं?

"मान्सांचं न्हाई आलं तरी चालंल. मला ताट ऐकू यायला पायजे."

"ताट?"

"सीझन सुरू झाला की सांच्याला ताट वाजतं. धा-पंधरा वर्स रोज ऐकलं. आता तीन सालं झाली, वाजतंय ते समजतं, पन ऐकू येत न्हाई. मंग मी वेळेवर जबाब देत न्हाई. तो तसाच हुबा ऱ्हात असंल."

"कोण?"

"ल्योक माजा. उसावरनं गेला तो आला न्हाई. वीस वर्स झाली."

कानाला बाहेरून आवाज मिळेनासा झाला की तो आतून तयार करतो. हे मी रोज चार जणांना समजावतो, त्यांनाही समजावलं. त्यांनी माझ्या ओठांकडे शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय. पन मशीन दे."

तपासणीत एक विचित्र झालं. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना बटण जमत नाही, म्हणून मी त्यांना आवाज आला की टेबलावर बोटाने ठोका म्हणतो. छबूबाई आवाज सोडला की ठोकत नव्हत्या. मी काहीच सोडलेलं नसताना ठोकत होत्या. एकच ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मी शेऱ्यात 'चुकीचे ठोके' लिहिलं. काचेतून पाहिलं तेव्हा त्या दाराकडे बघत होत्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

सोनईला जाऊन आलो. रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत. आरती भेटली. 'लोडशेडिंग'ची गायिका, आता शाळेत गणित शिकवते, आवाज तोच आहे, नुसती हाक मारली तरी वर्ग बसत असेल. कॅसेट तिने पिठाच्या डब्यात जपून ठेवली होती.

"राम आमचा कुठला?" ती म्हणाली. "तो मिरजगावचा, गोरक्षच्या गॅरेजवर असायचा. सीझनला मात्र इकडे यायचा. आईबाप ऊस तोडायचे त्याचे. कधी आमच्या कारखान्यावर, कधी कोपरगावला. मी एकदा त्यांच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, गेले होते. आई भाकरी थापत होती नि हा ताट वाजवत बसला होता."

मग जरा वेळाने म्हणाली, "सुहास, आपण कार्यक्रमानंतर त्याला कुणाच्या गाडीत बसवलं रे? मला वाटलं तो मिरजगावच्या ट्रकमधून गेला."

मला वाटलं होतं कोपरगावच्या टेम्पोतून. तसं तिला सांगितलं. तिने चहा पुढे केला आणि विषय तिथेच राहिला.

१८ नोव्हेंबर

सोनईच्या कॅसेटवर रिकामी जागा चार सेकंद. आरतीला फोन करून विचारलं, तुम्ही मुद्दाम थांबायचात का? "येडा आहेस का? पब्लिक उठून गेलं असतं."

पडताळा म्हणून आमची पहिली कॅसेट पुन्हा लावली. पाच तारखेला सहा दशांश होती. आज साडेचार सेकंद. टक, टक, टक, आणि नुसती टेपची खरखर. मग मी गायला लागतो.

डेक बदलला. शेजारच्या रेडिओवाल्याकडून दुसरा आणला. साडेचार.

२३ नोव्हेंबर, रविवार

मिरजगाव. 'स्टेपनी'च्या गोरक्षचं ट्रकच्या बॉडीचं गॅरेज आता तीन शेडांचं झालंय, तोही तिपटीने वाढलाय. मिठीच मारली. त्याने कॅसेट आधीच धुवूनपुसून ठेवलेली, डबीवर त्याच्या गिचमिड अक्षरात तारीख, १ मे २००५.

"ह्यो आमचा शेवटचा माल," तो म्हणाला. "म्हाराष्ट्र दिन हुता, गॅरेज बंद, म्हनून दिवसभर वाजवलं."

"ड्रमवर राम?"

"मंग कोन! ड्रम हितंच पडल्याले. दुपारी बारा-एकला आला. कुनाशी बोलला न्हाई, बसला, वाजवलं. लई भारी वाजवलं गड्या त्या दिवशी. मी च्या सांगितला, च्या येस्तवर गडी गायब. काठ्या बी घिऊन आला न्हवता, आमच्याच पान्याच्या दांड्यांनी वाजवलं. आन शर्ट तोच, तुमच्या कार्यक्रमातला, धुतला बी न्हवता. तांबडं तांबडं हुतं कायतरी हितं." त्याने कानामागे हात लावला. "मी म्हनलं रंग बिंग लागला आसंल."

मी विचारलं, तो राहायचा कुठे? गोरक्ष म्हणाला, "ते तुला ठावं ना. तो नगरचा, तुमच्या शिफ्टचा. आमी तर तुज्याकडंच सोडून आल्तो त्याला."

येताना गाडी चालवताना सारखा तोच हिशेब मनात. कोपरगाव म्हणतं सोनईचा. सोनई म्हणते मिरजगावचा. मिरजगाव म्हणतं नगरचा. आम्ही म्हणत होतो कोपरगावचा. एवढी जीव लावणारी माणसं आम्ही, आणि पोरगं कुणाचंच नव्हतं.

२६ नोव्हेंबर

सगळ्या कॅसेटींचं एकत्र लिहितो. नगर पन्नास सेकंद. कोपरगाव पन्नास. सोनई पन्नास. मिरजगाव लावली, तीन ठोके ऐकले आणि थांबलो. साडेतीन मिनिटं झाली तरी गाणं आलं नाही. मी बटण दाबून बंद केलं.

भीती वाटली. दुपारचे अडीच, बाहेर ऊन, काउंटरवर ज्ञानेश्वरीताई डबा खातायत, आणि मी माझ्याच खोलीत दार उघडं टाकून बसलो. खराब टेप कशी वाजते मला माहीत आहे. ही तशी नव्हती. फोन उचलल्यावर पलीकडचा बोलत नाही, पण तो तिथे आहे हे आपल्याला कळतं ना, तसं होतं.

मनवाला खोटं सांगितलं की डेक दुरुस्तीला दिलाय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मनवाने पुस्तिकेचा कच्चा मजकूर पाठवला. छापून काढला आणि कौतुकाने ज्ञानेश्वरीताईंना वाचायला दिला. पहिल्या पानावर चपलांची ओळ, दुसऱ्यावर हवालदाराचा किस्सा. त्या सगळं वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, "सर, पण तो हवालदार आला कशाला होता?"

"म्हणजे?"

"म्हणजे ड्रमवाल्याचं नाव त्याला कशाला पाहिजे होतं? काही चोरीबिरी झाली होती का?"

वीस वर्षांत शेकडो लोकांना हा किस्सा सांगितला, सगळे हसले, हा प्रश्न एकाने विचारला नाही. मीही नाही.

"आणि पत्रकावर डाग होता म्हणता," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

आज पुढे काही लिहवत नाही.

२ डिसेंबर

आप्पासाहेब माझे जुने पेशंट, पोलिसातून रिटायर झालेले. त्यांनी शब्द टाकला आणि कुणीतरी जुनं रजिस्टर काढून दिलं. ठाण्यात मला बाकावर बसवून त्यांनीच पान उघडलं. मी नोंद उतरवून आणली आहे.

३ एप्रिल २००५. बायपासवर अनोळखी वाहनाची धडक. पुरुष, वय अंदाजे वीस. उजव्या कानामागे मार. खिशात दोन लाकडी काठ्या व कार्यक्रमाचे पत्रक. नाव राम. आडनाव व गाव माहीत नाही. ओळख न पटल्याने १२ एप्रिल रोजी बेवारस म्हणून अंत्यविधी.

त्याखाली, ८ एप्रिल, माहिती देणार. सुहास नृसिंह धर्माधिकारी.

मी माझं सांगितलं होतं. आडनाव, वडिलांचं नाव, सगळं. आज तिथे बाकावर बसल्यावर आठवलं, अगदी लख्ख. हवालदार 'काय रे' म्हणाला ते मला टोचलं आणि मी आधी स्वतःचं पूर्ण नाव त्याच्या तोंडावर मारलं. मग तो 'अहो साहेब' झाला. भाषण त्याच्या नंतरचं. आमच्या शेडमध्ये फक्त माझंच आडनाव चपलांपाशी निघालं नव्हतं.

आठ तारखेपासून बारा तारखेपर्यंत चार दिवस होते. मी "ऐकतो, बोला" एवढं म्हणालो असतो तर आणखी तीन ठिकाणी फोन करता आला असता. आरतीला कोपी माहीत होती.

आणि आता डोकं चालायला लागलंय तर गोरक्षच्या डबीवरची तारीखही डोळ्यासमोरून हलत नाही. १ मे.

दवाखान्यात आलो तर ज्ञानेश्वरीताईंनी एक कार्ड पुढे ठेवलं. छबूबाई गहिनीनाथ मांडगे. जवळचा नातेवाईक या रकान्यात त्यांनीच बाईंच्या सांगण्यावरून लिहिलेलं, मुलगा, राम गहिनीनाथ मांडगे. फोन नंबरची जागा रिकामी.

५ डिसेंबर, शुक्रवार

छबूबाई यंत्र बसवायला आल्या. रात्रभर मनात जुळवलेलं सगळं त्यांना पाहिल्यावर पळालं. यंत्र बसवलं. ज्ञानेश्वरीताईंनी पेला ठेवला तो आवाज ऐकून त्या दचकल्या, हसल्या. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि सगळं सांगितलं. राम, ड्रम, बायपास, तारखा. हवालदारही सांगितला. "त्याने तुमच्या मुलाचं आडनाव विचारलं आणि मी त्याला ऐकूनच घेतलं नाही. मावशी, माझ्यामुळे तो बेवारस गेला."

त्या रडल्या नाहीत. यंत्र असूनही माझ्या ओठांकडेच बघत होत्या.

"आमी तवा कोपरगावला हुतो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं ह्यो घरी गेला, घरच्यांना वाटलं उसावर हाय. म्हयन्यानं कळलं कुटंच न्हाई. मंग तितल्या चौकीत नाव लिवलं. समदं लिवलं बाबा, राम गहिनीनाथ मांडगे. तुमच्या हितं नुसता राम. कसा गावायचा?"

त्यांनी कानातलं यंत्र बोटाने नीट दाबलं.

"त्याचं वाजीवल्यालं हाय म्हनलास नव्हं? ऐकीव."

मी सांगितलं की कॅसेट बिघडली आहे, गाणं सुरूच होत नाही, तीन ठोके होतात आणि पुढे काही नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून कोयत्याची आहे.

"तीनच?"

"हो. चौथा तो देत नव्हता. म्हणायचा, माझा नाही."

"त्याचा न्हाईच. चौथा माजा. कोपीत भाकरीला हाक मारायची न्हाई, त्यो ताटावर तीन येळा वाजवायचा. मी चुलीवरनं एकदा उलथनं वाजवायचं, म्हंजी झाली भाकर, ये. ल्हानपनापास्नं. माजं वाजल्याबिगर उठायचाच न्हाई त्यो."

खोलीत त्यांना बसवलं, यंत्र काढून मोठे हेडफोन चढवले, आवाज पूर्ण वर नेला. मिरजगावची कॅसेट लावली. मी या वेळी काचेबाहेर गेलो नाही, आतच भिंतीला टेकून उभा राहिलो. हेडफोनच्या कडेने बाहेर येत होतं ते मलाही ऐकू येत होतं.

टक. टक. टक.

आणि शांतता. छबूबाईंनी डोळे मिटले होते. दहा सेकंद, वीस, मी मोजत होतो. त्यांना ऐकूच गेलं नसेल असं मला वाटायला लागलं. मग त्यांनी उजवा हात उचलला, बोटं मुडपली आणि टेबलावर एकदा ठोकलं. जोरात नाही. घरातल्या माणसाला हाक मारतात तेवढंच.

त्या ठोक्यावर गाणं सुरू झालं. गोरक्षची गिटार, बाकीच्यांचा गलका आणि त्या सगळ्याला खांद्यावर घेऊन पळणारे रामचे ड्रम. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेना. त्या मात्र हसत होत्या. संपेपर्यंत मान हलवत ऐकलं. हेडफोन उतरवून माझ्या हातात दिले.

"जेवला," त्या म्हणाल्या.

९ डिसेंबर

सगळ्या कॅसेटी आज पुन्हा मोजल्या. चारही ठिकाणी सहा दशांश सेकंद. फाइली मनवाकडे गेल्या. सहीच्या जागी छबूबाईंचा अंगठा आहे.

पुस्तिकेतून हवालदाराचा किस्सा काढायला लावला. मनवा हळहळली, मग मी तिला खरं सांगितलं. चपलांची ओळ मात्र ती ठेवू म्हणते. मी म्हटलं, ठेव, पण खाली सगळ्यांची नावं आडनावांसकट घाल. ड्रम्स, राम गहिनीनाथ मांडगे. त्याखाली, चौथा ठोका, छबूबाई गहिनीनाथ मांडगे. माझं शेवटी, आणि रजिस्टरमध्ये आहे तसं पूर्ण.

सकाळी छबूबाई येऊन गेल्या होत्या. मी यायच्या आतच. यंत्र डबीत घालून काउंटरवर ठेवलं. ज्ञानेश्वरीताईंनी विचारलं, दुखतंय का, शिटी मारतंय का? तर म्हणाल्या, "न्हाई ग बाई, झ्याक हाय. पन आता ताट वाजत न्हाई. मान्सांचं ऐकून काय करू?"

दुपारी खोलीत बसून आमचं गाणं लावलं. ठरवून, टेबलावर बोट तयार ठेवून. तीन ठोके झाले, मी चौथा दिला. तोवर गाणं सुरू झालं होतं. माझा उशिरा पडला.